लोणारच्या वाटेवर हरवलेले सात किलोमीटर

लोणारला स्वतःच्या गाडीनं जायचा विचार असेल तर हे वाचा. तळ्याची शोभा सांगणारे पुष्कळ भेटतील. रस्ता नेमका कुठे चुकतो हे मी सांगू शकतो, कारण मी तो पूर्ण तयारीनिशी चुकलो आहे.

जायचं ठरलं ते आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या जिन्यात. आकाशातून पडलेल्या दगडानं झालेलं तळं आपल्याच महाराष्ट्रात आहे, असं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या गवईला दाखवलं. गवई टेलिफोन खात्यात आहे. गेली अकरा वर्षं आमचा शेजार. त्यानं कात्रण बघितलं आणि म्हणाला, "हे तर आमचं लोणार. आक्काच्या गावापासून दोन-अडीच कोस. पाणी इतकं खारट की म्हशी तोंड लावत नाहीत."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? तळं आहे."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच ह्याला वाढवला. तिला भेटून चौदा वर्षं झाली होती. भांडण नाही, तंटा नाही. आधी नोकरी पक्की व्हायची होती, मग मुलं झाली, मग रजा उरायची नाही. असं करत चौदा. हे सांगताना तो जिन्याचा कठडा नखानं खरवडत होता. मी म्हटलं, "डिसेंबरात जाऊ. माझ्या गाडीनं."

माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं स्वतः शिकलो. ड्रॉइंग वाचायला, लेथ चालवायला, इंग्रजी मॅन्युअल लावायला. आधी गिरणीत फिटर होतो. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून मुलुंडच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी माल परत पाठवतो. माझी फियाट मी भंगारातून आणली आणि तीन वर्षांचे रविवार घालून स्वतः उभी केली.

तर तयारी. ट्रक ड्रायव्हरांना चहा पाजून हमरस्त्याची अंतरं विचारली. आतल्या रस्त्यांसाठी सरकारी नकाशा घेतला आणि त्यावर शिवणाचा दोरा वळणावळणानं बसवून अंतर मोजलं. कुठे वळायचं ते किलोमीटरसकट वहीत लिहिलं. गाडीचा मीटर हायवेवर मुलुंड ते घाटकोपर दगडाला दगड लावून तपासला. दहाला दहा. अगदी शेवटी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, खडकाळ रस्त्यावर गाडीचं पोट घासू नये म्हणून चारी चाकांना एक नंबर मोठे टायर चढवले.

आक्काला कार्ड मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. 'शनिवारी दुपारी बरोबर एक वाजता लोणारच्या एस.टी. स्टँडवर या. तिथून गाडीनं घरी जाऊ.' 'बरोबर'खाली दोन रेघा मारल्या.

आमच्या मंडळींनी डबा हातात देताना एवढंच म्हटलं, "वाटेत कोणाक तरी इचारा. तुमची वही काय बोलूची नाय."

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. ठाणे, भिवंडीचा फाटा, कसारा घाट, इगतपुरी. घाटात ट्रकांची रांग होती, त्यामुळे तिथे तासभर जास्त धरा. नाशकात मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. पण माझं खाण्याकडे लक्ष नव्हतं. वहीत मुलुंड ते नाशिक एकशे पंचावन्न लिहिलं होतं आणि मीटर दाखवत होता एकशे सेहेचाळीस.

"नऊ किलोमीटर कुठे गेले?" मी म्हटलं.

"पोचलो ना आपण?" गवई म्हणाला. "मग जाईनात का."

मला ते पटेना. पुढे येवला, वैजापूर करत औरंगाबादला पोचलो तर फरक वीसवर गेला. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना तुरी आणि कापूस, बघण्यासारखं आभाळ, आणि मी किलोमीटरचे दगड मोजत होतो. दोन दगडांमधलं अंतर माझ्या मीटरवर एक किलोमीटर भरतच नव्हतं. सरकारनं मैलांचे दगड काढून किलोमीटरचे बसवले तेव्हा कंत्राटदारानं हात मारला असणार, असं मी गवईला समजावून सांगितलं. आणि ट्रकवाले अंतर फुगवून सांगतात, हेही. उद्याचं अंतर नकाशावर दोऱ्यानं मोजलेलं आहे, त्यात फुगवाफुगवी नाही. गवईनं मान हलवली. तो टेलिफोनचा माणूस, लाइन कुठे तुटली हे जागेवर जाऊन बघणारा. पण गाडीच्या बाबतीत माझ्यावर सोडून मोकळा झालेला.

औरंगाबादला स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली मिळाली. गरम पाण्याची बादली वेगळी मागावी लागते आणि ती सहाच्या आत मागा, नंतर चूल दुसऱ्या कामाला लागते.

शनिवारी सातला निघालो. गवईनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि तो चुरगळू नये म्हणून सीटला पाठ न टेकता बसला होता. वहीप्रमाणे लॉजपासून एकशे सव्विसाव्या किलोमीटरला उजवीकडे फाटा, पुढे वीस किलोमीटर लोणार. घाई न करता अकरा-साडेअकरा. एकच्या आत आंघोळसुद्धा झाली असती.

जालन्याला चहा घेतला. पुढे सिंदखेडराजा मागे टाकलं आणि रस्ता एकदम रिकामा झाला. मुंबईच्या माणसाला हा रिकामेपणा कळत नाही. अर्धा अर्धा तास समोरून काही येत नाही. काळी जमीन, मधेच ज्वारीचा पट्टा, लांबवर एखादं बाभळीचं झाड आणि त्याखाली कोणीतरी बसलेलं, जे आपल्याकडे बघतं आणि बघतच राहतं.

मीटर एकशे एकोणीस झाला तेव्हा गवई म्हणाला, "सावंत, उजवीकडे फाटा गेला बघ. जीप वळली. माणसं भरलेली होती. बाजाराची वाटली."

"अजून सात किलोमीटर आहेत."

"विचारू का त्या टपरीवर?"

"कशाला? नकाशा खोटं बोलेल का?"

तो मागे वळला. मागच्या काचेतून फाट्याकडे बघत राहिला, हे मला आरशात दिसलं.

बरोबर एकशे सव्वीसला उजवीकडे रस्ता आलाच. मी गवईकडे बघितलं. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या होत्या, पण आतले रस्ते असेच असायचे म्हणून वळवली. पुढचा दीड तास काय झालं ते क्रमानं सांगणं मला आजही जमत नाही. चाकोऱ्या एका शेतात शिरल्या आणि तिथेच संपल्या. मागे फिरलो तर आलो ती वाट कुठली हे ओळखू येईना. सगळ्या चाकोऱ्या सारख्याच. होकायंत्र काढलं. दक्षिणेला जायचं होतं, दक्षिणेला ओढा होता. एका मेंढपाळानं हात पश्चिमेला केला, "लोनार त्या अंगाले." पुढे कापूस वेचणाऱ्या बाईनं उत्तरेला केला, "तिकून जा, पक्की सडक हाय." दोघंही खरं बोलत असणार. वहीत यातली एकही वाट नव्हती.

एक वाजला तेव्हा आम्ही एका ओढ्याच्या काठी होतो. गवईनं घड्याळ बघितलं आणि मनगट शर्टाच्या बाहीत ओढून घेतलं. त्याच वेळी फुस्स झालं. बाभळीचा काटा, बोटाएवढा.

मी जॅक लावला, मागचं चाक काढलं, डिकीतून स्टेपनी आणली आणि गाडीला टेकवून उभी केली. शेजारी काढलेलं चाक. हवा नव्हती तरी ते जुन्या टायरच्या स्टेपनीपेक्षा दोन बोटं उंच होतं.

मापं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढे सांगायला लागत नाही. मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की प्रत्येक फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. मी मीटर तपासला होता जुन्या टायरवर, आणि नंतर टायर बदलले. दगड बरोबर होते. ट्रकवाले बरोबर होते. नकाशाही बरोबर होता. एकशे एकोणीसला जीप वळली तोच आमचा फाटा.

गवई पाना घेऊन शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. नट आवळले, हात पुसले आणि म्हटलं, "आता विचारत जाऊ." एवढंच.

विचारत विचारत, दोनदा उलटे येत, सव्वापाचला लोणारच्या एस.टी. स्टँडवर पोचलो. बाकड्यावर कोणी नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्यानं गाडी बघितली आणि फडकं खांद्यावर टाकत बाहेर आला.

"मुंबईचे का? बाई होती ना तुमची वाट पाहत. हिरव्या लुगड्याची. नऊ वाजतापासून बसली होती."

"नऊ?" मी म्हटलं. "आम्ही तर एक लिहिलं होतं."

"ते मले माहीत नाही. दर गाडीले उठे, पाहे, परत बसे. किती वाजले, किती वाजले, मलेच इचारे. चहा दिला तर घेतला नाही, म्हणे भाऊ आल्यावर. साडेचारच्या गाडीनं गेली. घरी म्हैस हाय म्हणे." त्यानं आतून फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून गवईला दिलं. "हे ठेवून गेली. म्हणे, त्याले सांगा, आल्या आल्या खाय."

ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आणि कागदात गुळाचा खडा. गवईनं एक भाकरी अर्धी करून मला दिली आणि उरलेली उभ्यानं खाल्ली. मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढे गाडी नेता आली असती, पण त्या रस्त्यावर ओढे आहेत आणि अंधारात नेऊ नका असं हॉटेलवाला म्हणाला, म्हणून विश्रामगृहात मुक्काम केला. (खोलीसाठी बुलढाण्याहून चिठ्ठी लागते असं सांगतात. खानसामा चांगला असेल तर लागत नाही.)

रविवारी सकाळी उजाडताच माझ्या मनात आलं, तळं हाकेवर आहे, एकदा काठावरून बघून निघू. गवई दारात बूट घालून उभा होता. म्हणाला, "तळं कुठे पळून जात नाही." त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत मी असा सूर ऐकला नव्हता.

आक्काच्या गावाअलीकडच्या ओढ्यापर्यंत गाडी जाते. पुढे गुडघाभर पाणी, मग दहा मिनिटं चाल. बौद्धवाड्यात शिरलो तर दोन-चार जणांनी जय भीम घातला, गवईनं उलट घातला, कोणी त्याला ओळखलं नाही. आक्काच्या दाराला कडी होती. शेजारची म्हातारी भिंतीआडून म्हणाली, "ते त पाहाटीच लोनारले गेली. वावरातल्या वाटेनं, पायी. काल चुकामूक झाली म्हने भावाची."

गवई ओट्यावर बसला. मी उभाच. आता आपण परत गेलो आणि ती वाट बघून माघारी निघाली तर? इथेच थांबलो आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसली तर? गाडीचा रस्ता वेगळा, पायवाट वेगळी. मला काही सुधरेना.

"सावंत, काय करायचं?" गवईनं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

मग मी सांगितलं. टायर, मीटर, एकशे एकोणीसचा फाटा, सगळं. "तू दाखवलास तोच रस्ता होता. अकरा वाजता पोचलो असतो आपण. कालच कळलं मला, चाक बदलताना."

त्यानं अंगणातल्या म्हशीच्या खुंट्याकडे बघितलं. म्हणाला, "मलाही."

"काय मलाही?"

"स्टेपनी बुटकी दिसली ना. दोन आणि दोन करायला मला वही लागत नाही रे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. जेवताना थांबलो. मग वाटलं, नाही बोलणार हा." त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. "जा आता. मी इथे बसतो. ती माघारी आली तर मी आहे, तिथे असली तर तू घेऊन ये. हिरवं लुगडं विचार."

कधी न पाहिलेल्या बाईला शोधायला मी एकटा निघालो. ती सापडली त्याच बाकड्यावर. बारीक अंगाची, पायात चप्पल नाही, पोटऱ्यांपर्यंत दव आणि माती. मी गाडीतून उतरलो तशी उठली, माझ्या मागे बघितलं, गाडीत बघितलं.

"भाऊ कुठं हाय?"

"तुमच्या घरी. ओट्यावर बसलाय."

तिनं कपाळावर हात मारला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्या त्याले पाहाले इथं आली, अन् थो मले पाहाले तिथं गेला. कार्ड तुमीच लिहिलं का? शाळेच्या मास्तरनं वाचून दाखवलं, म्हने अक्षर लई झाक हाय."

"आक्का, काल उशीर माझ्यामुळे झाला," मी म्हटलं. "गाडीची चाकं मी चुकीची लावली होती."

ती वाकून चाकांकडे बघायला लागली. "फिरतात ना?"

"फिरतात."

"मंग चला."

काल नऊपासून का बसला होतात, हे मी वाटेत विचारलं. म्हणाली, एकला लोणारला पोचायचं तर साडेआठची गाडी पकडावी लागते, तिच्या गावाहून मधे गाडीच नाही. मी कार्ड लिहिताना हे कुणाला विचारलं नव्हतं. गवईनं त्या वेळी "मास्तरला गाडीची वेळ विचारून घेऊ" असं काहीतरी म्हटलं होतं, तेही आत्ता आठवलं.

"किती येळ लागंल?" तिनं विचारलं. मी मीटरकडे बघितलं आणि म्हटलं, "माहीत नाही." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोरीपाशी डावीकडे घ्या, पुढे दगड हाय, हळू, असं सांगत तिनं मला पाऊण तासाचा रस्ता अर्ध्या तासात आणला.

ओढ्याच्या पलीकडे गवई उभा होता. वाट बघवेना म्हणून निघाला असणार. आक्का लुगडं न उचलता पाण्यात उतरली. मी गाडीतच बसलो. पण आवाज येत होता. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पांढरे झाले रे केस."

"आक्का, उशीर झाला," गवई म्हणाला.

"हो. लई झाला."

 दोघं तिथेच, ओढ्याच्या दगडावर, बसून राहिले. इस्त्रीचा शर्ट आता इस्त्रीचा उरला नव्हता.

तळं शेवटी बघितलं, दुपारी, आक्काच्या मागून उतरत. आता तळ्याविषयी, कारण तुम्ही त्यासाठी जाणार. काठावर उभं राहिलात की एवढी मोठी गोल वाटी दिसते की माणसाचा अंदाज चुकतो. माझा चुकला. तळाशी झाडी, त्यात मोर, मध्ये हिरवं पाणी, जवळ गेल्यावर अंड्यासारखा वास. वरच्या बाजूला गोड्या पाण्याची धार अखंड पडते, आणि खाली अख्खं तळं खारट. का, हे मी चौघांना विचारलं. एक म्हणाला उल्का, एक म्हणाला ज्वालामुखी, एक म्हणाला राक्षस मेला, आणि आक्का म्हणाली, "पाणी हाय. डोकं धुवा, केस मऊ होतात." इथल्या काही दगडांपाशी होकायंत्र फिरतं असंही कोणी सांगितलं. मी खिशातून काढून बघितलं नाही. उतरताना पायात बूट हवेत, प्यायचं पाणी सोबत हवं, आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा.

सोमवारी निघून मंगळवारी मुलुंडला पोचलो. येताना प्रत्येक फाट्याला थांबून विचारलं. वेळ जास्त लागला नाही, चहा जास्त झाला.

आता घरी येऊन महिना झाला. तळं नेमकं कसं दिसतं असं मंडळींनी विचारलं तर मला अजून धड सांगता येत नाही. हिरवं म्हणावं तर हिरवं नव्हतं, मोठं म्हणावं तर आक्का त्याच्या काठानं परसात फिरावं तशी फिरत होती. जे स्पष्ट आठवतं ते बाकडं. त्यावर मी नव्हतो, शनिवारी ती बसली होती ते मी बघितलंसुद्धा नाही, तरी नऊ ते साडेचार मला पूर्ण आठवतात. उभं राहणं, बघणं, परत बसणं.

इमारतीत सगळ्यांनी गवईला विचारलं, बहीण भेटली का. तो म्हणतो, "भेटली. पहिल्या दिवशी जरा चुकामूक झाली, तिकडचे रस्तेच तसे." कारखान्यातल्या माझ्या साहेबासमोरही हेच म्हणाला. रस्त्यांवर ढकलतो आणि पुढे तळ्याचं सांगायला लागतो. माझं नाव त्यानं अजून एकदाही घेतलेलं नाही.

रस्ते तसे नाहीत. जीप वळते तो फाटा चांगला रुंद आहे, टपरी आहे, विचारलं की सांगतात. चुकलो ते मी, मुलुंडचा सावंत.